दादरच्या घरात व्यायामाचं यंत्र: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

१ जून

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. एरवी ११ जूनकडे डोळे लावून बसायचं, यंदा आंब्याच्या पेट्या संपायच्या आत छत्र्या काढाव्या लागल्या. अप्पांचं शिवाजी पार्कला जाणं तेव्हापासून बंद. कट्ट्याच्या कडेने एक फेरी म्हणजे जवळपास १.२ किलोमीटर, आणि ते रोज सकाळी तीन मारायचे. गुडघे दोन्ही झिजलेले, उजवा जास्त. ओल्या फरशीवर पाय घसरला तर प्रकरण खुब्यापर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत सासरे घरात, टीव्हीसमोर, आणि सुनेवर नजर ठेवून.

घरात यंत्र घ्यायचं ठरलं. मी बांधकाम कंपनीत एस्टिमेटिंगचं काम करते, त्यामुळे आधी मोजमाप, मग दर, मग खरेदी. नवऱ्याने ठरल्या रात्रीच मोबाईलवर तीन ट्रेडमिल ‘कार्ट’मध्ये टाकून ठेवले होते. ते काढायला लावले.

वापरणारे कोण ते आधी. अप्पा, वय ७२, सकाळी साडेनऊनंतर. मी, पहाटे साडेपाचला, कारण डब्यांच्या आधी तेवढीच वेळ माझी. नवरा, ८२ किलो, रात्री दहाच्या आसपास, कारण बीकेसीहून घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. लेक पाच वर्षांची; ती वापरणार नाही, पण प्रत्येक गोष्टीत हात घालणार. बजेट ३५,००० रुपये, त्यात हमाली धरून.

किती करायचं याचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांवरून: प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काहीतरी. पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचा सरावही. शेवटच्या दोन गोष्टी कुठलाही विक्रेता सांगत नाही, कारण त्या त्याच्याकडच्या यंत्रावर होत नाहीत.

३ जून

टेप घेऊन हॉल मोजला. १४ फूट बाय १० फूट. एका टोकाला सोफा, तीन फूट गेले. पॅसेजवर पोटमाळा, त्याच्या खालची उंची ६ फूट ८ इंच. खिडकीजवळ ५ फूट ६ इंच बाय अडीच फुटांचा कोनाडा रिकामा, पण तिथे पावसाचे तुषार येतात. टीव्हीच्या बाजूचा कोपरा मोठा आणि कोरडा, तो गणपतीचा. त्याला हात लावायचा नाही.

जिना अरुंद, प्रत्येक मजल्यावर दोन वळणं, आम्ही तिसऱ्यावर, लिफ्ट नाही. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे १९६९ च्या आधीची. पुनर्विकासाची बोलणी इतकी वर्षं चाललीत की आता कुणी सभेलाही जात नाही, पण उद्या खरंच सही झाली तर भाड्याच्या घरात सामान हलवावं लागेल. तेव्हा यंत्र दोन माणसांना जिन्यावरून उचलता आलं पाहिजे. ही अट मी यादीत वर टाकली.

७ जून

ट्रेडमिल. घरातल्या दोन्ही पुरुषांचं मत इथेच पडलंय, म्हणून याला सगळ्यांत जास्त वेळ दिला.

अप्पांचं म्हणणं सरळ: “चालणं म्हणजे चालणं. सायकल म्हणजे बसणं.” त्यात तथ्य आहे. चालण्याने तोल राखला जातो, हाडांवर भार येतो. शिवाय पट्ट्याला चढ देता येतो, आणि तोच ट्रेडमिलचा खरा गुण. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनच्या सूत्राने आकडे काढले: ताशी ५ किलोमीटरने सपाटीवर चालताना शरीर बसून असतानाच्या साडेतीन पटीच्या जवळपास प्राणवायू वापरतं, पट्टा ५ टक्के चढवला की तेच साडेपाच पट. म्हणजे वेग न वाढवता, न धावता, श्रम दीडपटीच्या वर. अप्पांना हे लगेच पटलं, कारण टीएमटीचा, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात त्या चाचणीचा, अनुभव. त्या चाचणीच्या ब्रूस पद्धतीत पहिल्याच टप्प्यात वेग फक्त ताशी २.७ किलोमीटर असतो, पण चढ १० टक्के. दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. “दुसऱ्या टप्प्यात जीव गेला होता,” असं ते म्हणाले, जरा अभिमानानेच.

आता आडवं येणारं.

जागा. उघडलेला ट्रेडमिल १७० सेंटीमीटर, आणि माणूस मागे फेकला गेला तर आदळू नये म्हणून पट्ट्यामागे २ मीटर मोकळं ठेवायचं असतं. बेरीज ३७० सेंटीमीटर, १२ फुटांच्या वर. सोफा वजा जाता आमच्याकडे ११ आहेत. दुकानदार म्हणतो, घडी होते ना. घडी ठेवण्यापुरती होते हो, चालताना तो उघडाच असतो.

मोटर. जाहिरातीत ‘४ एचपी’. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, म्हणजे चारचे झाले जवळपास ३,००० वॉट. त्याच पानावर लिहिलंय की साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर चालतो. २३० व्होल्ट गुणिले ६ म्हणजे १,३८० वॉट, त्याच्या वर तो प्लग जाऊच नये. तेव्हा ते ४ एचपी म्हणजे क्षणभराचा ‘पीक’ आकडा. विचारायचा तो सलग चालतानाचा. दुकानात “कंटिन्युअस किती?” एवढंच विचारलं की समोरचा माणूस मॅनेजरला बोलावतो. खऱ्या दोन-अडीच एचपीच्या यंत्राला १६ अँपिअरचा पॉइंट हवा. आमच्याकडे तो एसी आणि गीझरकडे आहे, हॉलमध्ये नाही.

स्लॅब. निवासी खोलीसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरतात. ७० किलोचं यंत्र आणि ८२ किलोचा नवरा, सव्वा चौरस मीटरवर पसरले तर सव्वाशेच्या आतबाहेर. कागदावर बसतं. पण माणूस धावायला लागला की प्रत्येक पाऊल वजनाच्या दोन ते तीन पट जोराने आपटतं, मिनिटाला दीडशेच्या वर पावलं, आणि आमच्या बाथरूमशेजारी सळ्या दिसतायत. स्लॅब कोसळेल असं मी म्हणत नाही. खालच्या काकूंच्या छताचं प्लास्टर मात्र त्यांच्या चहात पडेल.

आणि वेळ. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्र म्हणजे १० ते ६. माझे साडेपाच आणि नवऱ्याचे दहा, दोन्ही रात्रीतच. काकू भल्या आहेत, म्हणून त्यांची परीक्षा बघायची नाही.

लेकीचा मुद्दा वेगळा लिहिते. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत पेलोटन कंपनीने ‘ट्रेड प्लस’ हे जवळपास १,२५,००० ट्रेडमिल परत मागवले. मुलं, पाळीव प्राणी, वस्तू मागच्या बाजूने पट्ट्याखाली ओढल्या गेल्याच्या सत्तरहून जास्त तक्रारी होत्या, आणि सहा वर्षांचं एक मूल दगावलं होतं. सेफ्टी की काढून वर ठेवली की पट्टा सुरू होत नाही हे खरं. पण पट्टा चालू असताना मूल मागून आलं तर ती की चालणाऱ्याच्या शर्टाला लावलेली असते. माझ्या घरात ‘मूल मागून येणं’ ही दर पाच मिनिटांची घटना आहे.

टेबलाखाली सरकवायचे पातळ वॉकिंग पॅडही बघितले. जागेचा प्रश्न सुटतो, पण धरायला दांडा नाही, बऱ्याच मॉडेलना चढ नाही. अप्पांना त्यावर उभं करणार नाही.

८ जून

विजेचा हिशेब, कारण सासूबाईंनी तेवढंच विचारलं. चालताना ट्रेडमिल ६०० वॉट खातो असं धरलं तर रोज अर्धा तास, महिन्याला ९ युनिट. बेस्टच्या बिलात तो फ्रिजच्या मागे लपेल. वीज हे नाही म्हणायचं कारण होऊ शकत नाही, यादीतून खोडलं.

१५ जून

ठाण्याला मोठ्या दुकानात गेलो, अप्पांसह. त्यांना चालायचे बूट घालायला लावले आणि प्रत्येक यंत्रावर दहा मिनिटं बसवलं किंवा उभं केलं. सेल्समन दोन मिनिटांत “कसं वाटतंय काका?” विचारतो, दोन मिनिटं कुठल्याही यंत्रावर छानच वाटतं. गुडघा सातव्या-आठव्या मिनिटाला बोलायला लागतो.

एलिप्टिकल. उभं राहून दोन पेडलवर पाय लांबट वर्तुळात फिरवायचे, प्रीकॉर कंपनीने १९९५ मध्ये बाजारात आणलेला हा प्रकार. पाय पेडलवरून उचलायचाच नाही, म्हणून ‘गुडघ्याला शून्य भार’ असं फलकावर. ते तितकं खरं नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात आणि अमेरिकेत ला होया इथे काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच सेन्सर बसवून मोजमापं केली गेली आहेत. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट जोर येतो, जिना उतरताना तीन पटीच्या वर, धावताना त्याहून जास्त. एलिप्टिकलवर तो जवळजवळ चालण्याइतकाच निघाला. सायकलवर हलक्या ताकदीने पेडल मारताना? साधारण वजनाएवढाच, म्हणजे चालण्याच्या निम्मा. वजन सीटवर असतं, एवढी साधी गोष्ट.

हे आकडे वाचले आणि माझ्या डोक्यातला निर्णय निम्मा तिथेच झाला.

एलिप्टिकलला उंचीही लागते. पेडल वर आलं की माणूस फूट-सव्वा फूट उंच होतो. नवरा ५ फूट १० इंच. पोटमाळ्याखाली अशक्य, हॉलमध्ये पंख्याखाली मला बघवणार नाही. स्वस्त मॉडेल जमिनीवर डुलत होतं, तेही.

स्पिन बाइक. नवऱ्याची नजर त्यावर खिळली. जड चाक, रेसिंगच्या सायकलसारखं बसणं, आणि बहुतेक मॉडेलमध्ये पेडल चाकाशी पक्कं जोडलेलं. म्हणजे पाय थांबवले तरी चाक थांबत नाही, पेडल पाय घेऊन फिरत राहतं. थांबवायला लाल नॉब दाबावा लागतो. अप्पांनी सवयीने पाय थांबवले आणि पेडलने त्यांचा गुडघा वर ढकलला. “ही उद्धट आहे,” असं म्हणून ते उतरले. बाद.

रोइंग मशीन. होडी वल्हवल्यासारखं बसून ओढायचं. यात पाय, पाठ, हात सगळंच काम करतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्यांत पूर्ण व्यायाम हाच. क्रीडा मंडळी ज्याचं नाव घेतात ते कॉन्सेप्ट टू १९८१ पासून बनतंय, आतल्या पंख्याच्या हवेचा विरोध वापरतं; जितक्या जोराने ओढाल तितका विरोध वाढतो, वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट. लांबी २४४ सेंटीमीटर, पण दोन तुकडे होतात आणि वजन जेमतेम २६ किलो, म्हणजे आमच्या जिन्याला उत्तम. किंमत बजेटच्या कितीतरी वर, पंख्याचा घोंगाट वेगळा. अप्पांना त्या बुटक्या सीटवरून उठता येईना. मी आणि सेल्समनने हात दिला. नवऱ्यासाठी मनात नोंद ठेवली, आजच्या यादीत नाही.

राहिल्या दोन: साधी उभी सायकल आणि पाठ टेकायची रिकम्बंट. उभीवर चढताना मधल्या दांड्यावरून पाय टाकावा लागतो. अप्पांचा उजवा पाय तिथेच अडखळला. रिकम्बंटला मध्ये जागा मोकळी, खुर्चीत बसावं तसं बसायचं, पाय पुढे. दहा मिनिटं मारून अप्पा म्हणाले, “व्यायाम झाल्यासारखा वाटत नाही.” घाम मात्र आला होता. लांबी १५२ सेंटीमीटर, रुंदी ६४, वजन ३८ किलो. कोनाड्यात बसते.

२१ जून

योग दिन. अप्पांच्या कट्ट्यावरचे मित्र चहाला आले आणि यंत्राचा विषय निघाला. एकमताने निकाल: सूर्यनमस्कार असताना यंत्र कशाला? एक काका तर समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेले, पंचाहत्तरीतही खांदे ताठ. त्यांनी शिवाजी पार्कच्या मातीची जी आठवण काढली ती ऐकून मलाच वाटलं, लाकडाचा खांब पुरून टाकावा हॉलमध्ये. वीज नको, एएमसी म्हणजे देखभालीचा वार्षिक करार नको.

वाद घातला नाही. पण यातलं एक घेण्यासारखं होतं: बसून पेडल मारल्याने तोल सुधारत नाही आणि दंडात ताकद येत नाही. म्हणून सायकल घेतली तरी सोबत रबरी बँडचा संच आणि बिनहाताची एक दणकट खुर्ची, उठाबशांसाठी. खुर्ची घरात आहे. बँड काही शे रुपयांत. पूर्ण सूर्यनमस्काराला अप्पांच्या गुडघ्याची परवानगी नाही, हे काकांना सांगायचं अप्पांनी शिताफीने टाळलं.

२८ जून

फिजिओथेरपिस्टकडे आणि मग डॉक्टरांकडे. दोन कामाच्या गोष्टी मिळाल्या.

एक, सीट. पेडल सगळ्यांत लांब गेलेलं असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहिला पाहिजे. त्याहून जास्त वाकला तर वाटीच्या मागे दाब वाढतो; “सायकलने गुडघे दुखायला लागले” म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची सीट पुढे असते. दुकानात अप्पांना बसवलं होतं तेव्हाही ती पुढेच होती, सेल्समनने बघितलंही नाही. आता घरी तिघांच्या खुणा रंगीत टेपने करायच्या.

दोन, नाडी. यंत्राच्या पडद्यावर ‘२२० वजा वय’ काढून हृदयाच्या ठोक्यांचे पट्टे दाखवतात. अप्पा रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेतात. त्या गोळीने ठोके मुळातच खाली राहतात, तेव्हा तो पट्टा गाठायच्या नादी लागले तर नको तितकं ताणतील. डॉक्टरांनी सांगितलं: पेडल मारताना वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं आणि फोन करायचा. अप्पांनी विचारलं, आरती चालेल का. नाही चालणार, तीही चालीवरच असते.

६ जुलै

आषाढी. सगळ्यांचा उपास, म्हणून निर्णय भांडणाशिवाय झाला. आधी भाड्याने. मुंबईत ट्रेडमिल-सायकली महिन्याच्या भाड्यावर मिळतात, अनामत रक्कम परत. वापरल्या नाहीत तर निदान लग्नाच्या साड्या वाळत घालायला पंचवीस हजारांचा दांडा घरात राहत नाही. नवऱ्याला ट्रेडमिलच हवा होता. “तू पहाटे पाचला शिवाजी पार्कला धाव, फुकट आहे,” हे मी म्हटलं, आणि सासूबाईंनी साबुदाण्याची वाटी त्याच्यापुढे सरकवून विषय संपवला.

१२ जुलै

रिकम्बंट आली. दोन हमाल, मजल्यामागे पैसे, दुसऱ्या वळणावर कठड्याला घासली, पण आली. खाली जाड रबरी मॅट. विरोध चुंबकाचा: धातूचं चाक फिरतं, चुंबक जवळ-लांब होतात, चाकात भोवरी प्रवाह तयार होऊन ते चाकाला मागे ओढतात. काही घासतच नाही, म्हणून आवाज नाही आणि झिजायला पॅड नाहीत. खालच्या काकूंना मुद्दाम वर बोलावून दाखवली. त्यांनी पाच मिनिटं मारून बघितली, मग पोहे खाल्ले.

२६ जुलै

ही तारीख आली की मुंबईत प्रत्येकजण २००५ सांगतो; सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. नवरा तेव्हा कॉलेजातून माहीमपर्यंत छातीभर पाण्यातून आला होता आणि ती गोष्ट आज सायकलवरून सांगत होता. वाक्य बोलता येत होतं, म्हणजे श्रम मध्यम.

वापराची नोंद: अप्पा सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, विरोध दुसऱ्या खाचेवर. तुकडे केलेले चालतात, एका दमात अर्धा तास हा हट्ट मी सोडवला. मी पहाटे, पाचव्या खाचेवर. सगळ्यांत जास्त वापर सासूबाईंचा आहे, ज्यांचं नाव १ जूनच्या यादीत कुणी घातलंच नव्हतं. दुपारी मालिका लावतात आणि जाहिराती येईपर्यंत थांबत नाहीत.

हँडलवरच्या नाडीच्या पट्ट्या ओल्या हाताने वेगळं सांगतात, कोरड्या हाताने वेगळं. कॅलरीचा आकडा तर वय-वजन न विचारताच येतो. दोन्हींवर कागद चिकटवला. वेळ दिसते, तेवढी पुरे.

९ ऑगस्ट

भाड्याची परत, नवी विकत. जुन्या बाजारात निम्म्या किमतीला मिळत होत्या. सायकलच्या बाबतीत जुनी घ्यायला हरकत नाही. ट्रेडमिलला मोटर, पट्टा, सर्किट सगळं तपासावं लागतं, पट्ट्याखाली सिलिकॉन तेल वेळेवर घातलं होतं का हे मालकाशिवाय कुणाला माहीत नसतं. आमची अडचण वेगळी: बघितलेल्या दोन्ही समुद्राजवळच्या घरांतल्या, सीटच्या रुळाला गंज. रूळ अडकला तर टेपच्या खुणांचा उपयोग काय.

नवी २४,५०० ला पडली, हमालीसकट २६,०००. घेताना बघितलं ते असं: वजनमर्यादा १२० किलो, सीट बसूनच सरकवता येते, पेडलला टाचेचा पट्टा, पुढे चाकं, आणि सुटे भाग मुंबईत मिळतात हे सर्व्हिसवाल्याला फोन करून खात्री. पडद्यावरची बारा प्रोग्रॅमची यादी कुणी उघडलेली नाही.

२४ ऑगस्ट

मंगळवारी लोकल ठप्प, सगळे घरात, सायकलला रांग. कोनाड्यात तुषार आलेच. खिडकीला प्लास्टिकचा पडदा लावला, रोज कोरड्या फडक्याने पुसणं अप्पांकडे.

२७ ला गणपती. पाहुण्यांना वाट हवी म्हणून सायकल पुढच्या चाकांवर उभी करून बेडरूममध्ये नेली. एकट्या नवऱ्याला जमलं. दीड दिवस पलंगाच्या पायथ्याशी राहील. अप्पांनी विचारलं, तिथेही मारता येईल ना. येईल.

१४ सप्टेंबर

महिना झाल्यावर सगळे बोल्ट आवळले. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, हे नवऱ्याला ओरडून सांगावं लागलं. बँडचा व्यायाम नियमित फक्त माझा. खुर्चीवरून हात न लावता उठणं अप्पांना जूनमध्ये जमत नव्हतं, आता सलग आठ वेळा जमतं. श्रेय सायकलचं की खुर्चीचं, यावर घरात दोन तट.

नवरा रोइंग मशीनचा विषय पुन्हा काढतोय. जागा मोजून दे, म्हटलं. बिल आणि वॉरंटी कार्ड कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये, विजेच्या बिलांच्या मागे.